चुका न लपवणारा ज्ञानकोश: पुणे, विकिपीडिया आणि आपल्या तब्येतीची माहिती

काही वर्षांपूर्वी साठीच्या एक काकू सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. "फार गळून गेल्यासारखं होतं हो डॉक्टर, पाय सुजलेत, आवाजही बसलाय," असं सांगत होत्या. त्यांना बऱ्याच वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू होती. रक्त तपासलं तर टीएसएच ४० च्या वर. साधारणपणे ते चार-साडेचारच्या आत असायला हवं. खोदून विचारल्यावर कळलं की तीन महिन्यांपासून गोळी बंद होती. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला होता: रोज सकाळी धण्याचं पाणी प्या, थायरॉईड मुळापासून जातो, गोळी कायमची सुटते. खाली "पुण्यातील प्रसिद्ध डॉक्टर" एवढंच लिहिलेलं. नाव नाही, तारीख नाही.

मी नेहमीप्रमाणे चिडून म्हणालो, "मोबाईलवर वाचून औषधं बंद करू नका. इंटरनेटवरचं काही वाचूच नका." सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पाच मिनिटं देता. बाकीचं आम्ही वाचणारच. फक्त कोणतं वाचायचं आणि ते कुणी लिहिलंय हे कसं ओळखायचं, तेवढं सांगा."

त्या वेळी माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. आजचा लेख त्या उत्तरासाठी आहे. तो थोडा इतिहासात जाणारा आहे, कारण "माहिती कुणी लिहायची, कुणी तपासायची आणि चूक कशी दुरुस्त करायची" हा प्रश्न पुण्याला नवा नाही. या शहरात शंभर वर्षं त्यावर काम चालू आहे.

छापील ज्ञानकोशाची ताकद आणि अडचण

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९१२ मध्ये भारतात परतले. मराठी माणसाला जगातलं सगळं ज्ञान मराठीत मिळावं, म्हणून त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम हाती घेतलं. सरकारी मदत नाही, पाठीशी मोठी संस्था नाही. त्यांनी चक्क एक कंपनी काढली, तिचे शेअर विकले आणि गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले. काम नागपुरात सुरू झालं आणि पुण्यात पुरं झालं. १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे एकूण २३ खंड बाहेर पडले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे, आणि त्यातला पाचवा खंड विज्ञानाच्या इतिहासाचा. सामान्य वाचकाला मराठीत एवढं सगळं एका ठिकाणी त्याआधी मिळालं नव्हतं.

त्यानंतरचा मोठा प्रयत्न वाईचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम राज्य स्थापनेनंतर सुरू झालं. पहिले खंड १९७० च्या दशकात निघाले आणि विसावा खंड पुरा व्हायला २०१५ साल उजाडलं. प्रत्येक विषयाचे जाणकार लेखक, त्यावर संपादक, त्यावर मुख्य संपादक, अशी ती चाळणी होती. वैद्यकातल्या नोंदी आजही वाचनीय आहेत. हे दोन्ही कोश आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण डॉक्टर म्हणून मला छापील कोशाची एक अडचण दिसते. केतकरांच्या काळात क्षयाची नोंद कितीही अभ्यासून लिहिली, तरी तिच्यात क्षयावरचं परिणामकारक औषध येणं शक्यच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. विश्वकोशात 'ए' अक्षराच्या नोंदी १९७० च्या दशकात छापून झाल्या, आणि एड्स हा आजार जगाला कळला १९८१ मध्ये. अक्षराचा क्रम पुढे निघून गेला की मागे वळून नोंद घालता येत नाही. यात कुणाचीच चूक नाही. कागदाचा तो स्वभावच आहे. वैद्यकात मात्र दहा वर्षांत सल्ला बदलतो, कधीकधी वर्षाच्या आतही.

भांडारकर संस्थेतल्या तळटीपा

पुण्यातलं दुसरं उदाहरण वैद्यकाचं नाही, पण आपल्या विषयाच्या फार जवळचं आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. पुढे विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले. देशभरातून, वेगवेगळ्या लिप्यांतल्या १,२५९ हस्तलिखितांची पाहणी झाली. एकाच श्लोकाचे काश्मिरी, बंगाली, मल्याळी पाठ शेजारी ठेवून मूळच्या जवळचा कोणता हे ठरवलं गेलं. १९६६ मध्ये मुख्य ग्रंथ पुरा झाला. सुकथनकर तोपर्यंत हयात नव्हते. बेलवलकर, वैद्य अशा संपादकांनी काम पुढे नेलं.

मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. संपादकांनी जे पाठ नाकारले, ते फेकून दिले नाहीत. प्रत्येक पानाच्या तळाशी ते छापले, आणि कोणता पाठ कोणत्या पोथीत आहे तेही सांगितलं. म्हणजे उद्या एखाद्या अभ्यासकाला वाटलं की संपादकांचा निर्णय चुकला, तर तो त्याच पानावर पुरावा तपासून वेगळं मत मांडू शकतो. "आमच्यावर विश्वास ठेवा" असं म्हणण्याऐवजी त्यांनी आपली सगळी कागदपत्रं वाचकासमोर ठेवली.

ही तळटीप लक्षात ठेवा. पुढे विकिपीडियाच्या पानावर ती पुन्हा भेटणार आहे.

सात चाळण्यांचा कोश फसला

मार्च २००० मध्ये अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 'न्यूपीडिया' नावाचा इंटरनेटवरचा ज्ञानकोश सुरू केला. लेख तज्ज्ञांनीच लिहायचे आणि ते सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचे, असा नियम. ऐकायला उत्तम. पहिल्या वर्षात तयार झाले जेमतेम डझनभर लेख.

मग त्यांनी एक वेगळी युक्ती वापरून पाहिली. वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये असं संकेतस्थळ बनवलं होतं, ज्याचं पान वाचणारा कुणीही तिथल्या तिथे बदलू शकतो. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस होती. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. तेच नाव त्याने आपल्या संकेतस्थळाला दिलं. १५ जानेवारी २००१ रोजी याच पद्धतीने विकिपीडिया सुरू झाला. वर्षभरात सुमारे वीस हजार लेख झाले.

तुमच्या मनात शंका येईल: कुणीही लिहायचं म्हणजे काहीही लिहायचं की! शंका रास्त आहे. २००५ मध्ये जॉन सीगनथालर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या लेखात कुणीतरी खोडसाळपणे लिहिलं की केनेडींच्या हत्येत त्यांचा संशयित म्हणून संबंध होता. ते वाक्य सुमारे चार महिने तसंच राहिलं. केवढी नाचक्की झाली. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नाव न नोंदवता नवा लेख सुरू करण्याची सोय बंद झाली.

त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने विज्ञानाचे ४२ लेख निवडून विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांची तुलना केली. तज्ज्ञांना विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका सापडल्या आणि ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाला ही तुलना मान्य नव्हती, त्यावर वादही झाला. पण सर्वसामान्य वाचकाने त्यातून एक गोष्ट घ्यावी: चुका दोन्हीकडे होत्या. विकिपीडियातल्या सापडलेल्या चुका मात्र कुणालाही लगेच दुरुस्त करता येत होत्या.

मराठी पान उघडायलाच त्रास

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्या काळी मराठीत टाइप करणं हेच मोठं काम होतं. पुण्यात सीडॅक होतं, श्रीलिपीसारखी पुण्यातच बनलेली सॉफ्टवेअर होती, छापखान्यांचं काम त्यांवर उत्तम चालायचं. पण एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की चौकोन आणि खुणांचा कचरा दिसायचा. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात मराठी ईमेल पाठवली असेल त्यांना हे आठवेल.

युनिकोड आल्यावर हे बदललं. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. माझ्या संगणकावरचं 'क' तुमच्या संगणकावरही 'क'च. एकमेकांच्या मजकुरावर काम करायचं तर आधी सगळ्यांना तो सारखा दिसायला हवा, ही साधी अट त्यामुळे पुरी झाली. नंतर विकिपीडियाच्या पानावरच देवनागरी लिहिण्याची सोय झाली आणि वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज राहिली नाही.

लिहिणारे कोण होते? बँकेतले कर्मचारी, इंजिनिअर, शिक्षक, गृहिणी, परदेशात राहणारे मराठी लोक. कुणालाही मानधन नाही. रात्री जेवणं झाल्यावर बसून कुणी गावाचा लेख लिही, कुणी फक्त शुद्धलेखन सुधार. आज मराठी विकिपीडियावरच्या लेखांची संख्या एक लाखाच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक होते, त्या मानाने नियमित लिहिणारे हात फार थोडे आहेत. आजारांवरच्या लेखांत हे सर्वात जास्त जाणवतं. कितीतरी लेख दोन-चार ओळींत संपतात.

२०११: पुण्यात दिलेला जास्तीचा डोस

आता पुण्यातल्या एका प्रयोगाबद्दल. तो फसला, पण त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

२०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने भारतातला शिक्षण कार्यक्रम पुण्यात सुरू केला. अभियांत्रिकी महाविद्यालय, सिंबायोसिसचं अर्थशास्त्र विद्यालय अशा संस्थांतल्या शेकडो विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. कल्पना सुंदर होती. प्रबंध लिहून कपाटात ठेवण्यापेक्षा तो जगाने वाचावा, आणि भारतातून नवे लेखक तयार व्हावेत.

काही आठवड्यांतच अडचण दिसू लागली. बऱ्याच विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उतारेच्या उतारे जसेच्या तसे उचलून टाकले. विकिपीडियावर असा उचललेला मजकूर चालत नाही, कारण तिथला मजकूर पुढे कुणीही मोफत वापरू शकतो. जे आपलं नाही ते आपण कसं वाटणार? शिवाय अशा उताऱ्यांमागे स्रोतही दिलेला नव्हता. मदतीला नेमलेले स्वयंसेवक बहुतेक स्वतःच नवखे. मग जगभरातले जुने संपादक रात्र-रात्र बसून एकेक लेख तपासू लागले, उतारे काढू लागले. ते वैतागले, विद्यार्थी दुखावले. नोव्हेंबर २०११ मध्ये कार्यक्रम थांबवला गेला.

मी त्या विद्यार्थ्यांना दोष देत नाही. आपल्यापैकी किती जणांना शाळेत "संदर्भ द्या, स्वतःच्या शब्दांत लिहा" असं शिकवलं गेलं? गाईडमधलं उत्तर जितकं जसंच्या तसं, तितके गुण जास्त, हीच आपली सवय. त्यात हे काम गुणांसाठी होतं. मनापासून दोन ओळी सुधारणारा स्वयंसेवक आणि शुक्रवारपर्यंत पाचशे शब्द द्यायचे म्हणून लिहिणारा विद्यार्थी, यांत फरक पडणारच.

माझ्या भाषेत सांगायचं तर औषध चांगलं होतं, डोस चुकला. शरीर जेवढं पचवू शकतं त्याहून जास्त एकदम दिलं. अशा समूहाचीही पचनशक्ती असते: नवीन आलेल्यांना शिकवणारे अनुभवी किती आहेत, तेवढीच. त्याहून जास्त माणसं एकदम आली की दार उघडं असूनही घर कोलमडतं.

त्या प्रयोगातली कौतुकाची बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही. हे सगळं उघड्यावर झालं. कुठल्या लेखात काय उचललं, कुणी काढलं, कुणी कुणाला काय सुनावलं, कार्यक्रम का थांबवला, याच्या चर्चा आजही कुणालाही वाचता येतात. फाउंडेशनने बाहेरच्या व्यक्तीकडून पाहणी करून घेतली आणि काय चुकलं ते प्रसिद्ध केलं. आपल्या वैद्यकीय क्षेत्रात अयशस्वी प्रयोगांचा असा मोकळा हिशेब किती वेळा दिला जातो, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो.

आजारांच्या पानांना वेगळे नियम

सिनेमाच्या लेखात चूक झाली तर वाद होईल. औषधाच्या लेखात चूक झाली तर माणूस दगावू शकतो. म्हणून इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून वैद्यकीय लेखांकडे लक्ष देणारा स्वयंसेवकांचा एक गट आहे. त्यात डॉक्टर, नर्स, वैद्यकीय विद्यार्थी, ग्रंथपाल आणि काही वेळा स्वतः रुग्णही असतात. कॅनडातले आपत्कालीन विभागाचे डॉक्टर जेम्स हाइलमन हे त्यातलं सर्वात परिचित नाव. २०१४ मध्ये आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली तेव्हा या गटाने सांभाळलेला इबोलाचा लेख जगभर वाचला गेला.

या गटाचे दोन नियम तुम्ही समजून घ्या.

पहिला नियम: एकट्या-दुकट्या प्रयोगावर किंवा वर्तमानपत्रातल्या बातमीवर उपचाराचं विधान करायचं नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष किंवा मान्यवर वैद्यकीय संस्थांच्या मार्गदर्शक सूचना, यांचाच आधार घ्यायचा. "उंदरांवर प्रयोग यशस्वी, कर्करोग आता बरा होणार" अशा बातम्या तुम्ही महिन्याला वाचता. त्या लेखात का नसतात, याचं उत्तर या नियमात आहे.

दुसरा नियम: औषधाचा डोस शक्यतो लिहायचा नाही. पेशंट मला म्हणतात, "सगळं दिलंय, पण किती मिलिग्रॅम घ्यायचं तेच नाही!" ते मुद्दाम नाही. डोस वजनावर, वयावर, मूत्रपिंडावर, चालू असलेल्या इतर गोळ्यांवर ठरतो. लाखो लोक वाचणाऱ्या पानाला तुमची किडनी माहीत नसते.

सगळंच उघड करावं का, यावरही तिथे भांडणं होतात. २००९ मध्ये डॉ. हाइलमन यांनी रोर्शाक चाचणीतले शाईच्या डागांचे दहाही नमुने विकिपीडियावर ठेवले. मानसतज्ज्ञ ही चाचणी वापरतात, आणि पेशंटने चित्रं आधी पाहिली तर तिचा उपयोग राहत नाही, असं अनेक मानसतज्ज्ञांचं म्हणणं होतं. दुसरी बाजू म्हणाली: चित्रं १९२१ ची आहेत, त्यांवर आता कुणाचा हक्क नाही, ज्ञान लपवायचं कशासाठी? चित्रं राहिली. मला स्वतःला आजही दोन्ही बाजू पटतात. मोकळेपणाला किंमत नसते असं नाही, आणि ती कधीकधी पेशंटला मोजावी लागते.

माझी दुरुस्ती उडवली गेली

काकूंच्या प्रसंगानंतर मी ठरवलं की तक्रार करण्यापेक्षा आपणच थोडं लिहावं. एका रविवारी मराठी विकिपीडियावर एका आजाराच्या लेखात चार वाक्यं घातली. अनुभवातून आलेली, माझ्या मते अगदी अचूक. दुसऱ्या दिवशी पाहतो तो गायब! इतिहासाच्या पानावर कुणीतरी कारण लिहिलं होतं: संदर्भ नाही.

रागच आला. मी चर्चेच्या पानावर लिहिलं की मी डॉक्टर आहे, इतकी वर्षं या आजाराचे पेशंट तपासतो. उत्तर नम्र होतं. तुम्ही डॉक्टर असाल, पण वाचकाला ते तपासता येत नाही. पुस्तकाचं किंवा मार्गदर्शक सूचनेचं नाव दिलं तर तपासता येईल. कृपया संदर्भ देऊन पुन्हा लिहा.

मी संदर्भ शोधायला बसलो. चारपैकी तीन वाक्यांना आधार मिळाला. चौथं वाक्य मी कॉलेजात शिकलो होतो आणि त्यानंतर सल्ला बदलला होता. म्हणजे कितीतरी वर्षं मी पेशंटना ते जुनंच सांगत होतो! त्याने कुणाचं मोठं नुकसान झालं नसेल, पण "मी डॉक्टर आहे" हा पुरावा नसतो हे मला एका अनोळखी माणसाने शिकवलं. तो कोण होता, काय शिकलेला होता, मला आजही माहीत नाही. त्याने मागितलेला पुरावा योग्य होता, तेवढं पुरेसं आहे.

कोविडमधले दोन रस्ते

९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोविडचे पहिले रुग्ण सापडले. महाराष्ट्रातलेही ते पहिलेच. त्यानंतरची दोन वर्षं आपण सगळ्यांनी पाहिली. माहितीचे दोन रस्ते तेव्हा अगदी शेजारी-शेजारी चालत होते.

एक रस्ता स्वयंसेवकांचा. 'कोविड-१९ इंडिया' या संकेतस्थळावर तरुण मुलं-मुली आपापली नोकरी-शिक्षण सांभाळून रोज प्रत्येक राज्याची, जिल्ह्याची आकडेवारी गोळा करत. प्रत्येक आकड्यामागे सरकारी बुलेटिनचा दुवा. सगळी माहिती कुणालाही उतरवून घेता येई. पत्रकार, संशोधक आणि आम्ही डॉक्टरही तिथेच पाहायचो. आकडा चुकला तर लोक कळवत आणि तो दुरुस्त होई. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी आधी सांगून, रीतसर काम थांबवलं. विकिपीडियावरही साथीच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक भाषांत मिळून पाच हजारांहून अधिक लेख तयार झाले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली चित्रं आणि चित्रफिती विकिपीडियासाठी मोफत खुल्या केल्या.

दुसरा रस्ता फॉरवर्डचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये बेड आणि ऑक्सिजन शोधताना नातेवाइकांची काय अवस्था झाली होती ते पुणेकरांना सांगायला नको. "या नंबरवर बेड मिळेल" असे मेसेज फिरत. फोन लावला तर नंबर बंद, नाहीतर बेड तीन दिवसांपूर्वीच भरलेला. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असे. पण मेसेजवर तारीख नसे आणि चूक कळली तरी आधीच हजार जणांकडे गेलेला मेसेज मागे घेता येत नसे. काही स्वयंसेवकांनी मग स्वतः फोन करून, "सकाळी १० वाजता तपासलं" असं लिहून याद्या ठेवायला सुरुवात केली. त्या एका ओळीने किती जणांची धावपळ वाचली असेल!

मला वाटतं, सूनबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. फॉरवर्डही मोफत असतो आणि विकिपीडियाही. दोन्ही सामान्य माणसंच लिहितात. पण विकिपीडियाच्या पानाचा जुना इतिहास, त्यावरचे वाद आणि त्याचा आधार तुम्हाला पाहता येतो, भांडारकर संस्थेच्या तळटीपांसारखा. फॉरवर्डला मागचा दरवाजाच नसतो.

मग तुम्ही काय करायचं?

आरोग्याबद्दल काही वाचलंत की चार गोष्टी पाहा.

१. संदर्भ आहेत का? वाक्याच्या शेवटी छोटा आकडा असतो. त्यावर बोट ठेवा आणि आधार कशाचा आहे ते बघा. आधार नसलेलं उपचाराचं वाक्य सोडून द्या.

२. 'इतिहास पहा' उघडा. शेवटचा बदल कधीचा? पाच वर्षांत कुणी हात लावला नसेल तर माहिती जुनी असू शकते. मराठी लेखांत हे विशेष पाहा, कारण तिथे लक्ष ठेवणारे थोडे आहेत. इंग्रजी वाचता येत असेल तर त्याच विषयाचं इंग्रजी पानही बघा.

३. 'चर्चा' वाचा. एखाद्या उपचारावर वाद चालू असेल तर तिथे कळतो.

४. वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका. वाचून प्रश्न तयार करा आणि ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे घेऊन या. विकिपीडिया स्वतःच सांगतो की तो वैद्यकीय सल्ला देत नाही.

आणि जमलं तर पाचवी गोष्ट. चूक दिसली तर दुरुस्त करा. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. चुकलेलं शुद्धलेखन, तुटलेला दुवा, अवघड शब्दाला सोपा मराठी शब्द, एवढंही फार आहे. केतकरांना ज्ञानकोशासाठी गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवावे लागले. आपल्याला फक्त जेवणानंतरची दहा मिनिटं द्यायची आहेत, तीही संदर्भासहित.

काकूंचं पुढे काय झालं? गोळी पुन्हा सुरू केली, दोन महिन्यांत पायांची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. धण्याचं पाणी अजून पितात. मी हरकत घेतली नाही. पुढच्या वेळी आल्या तेव्हा सूनबाईंच्या हातात एक छापील कागद होता, थायरॉईडच्या लेखाचा. तीन ठिकाणी पेनने खुणा केल्या होत्या. "डॉक्टर, गोळी रिकाम्या पोटी घ्यायची म्हणतात, पण आई चहाबरोबर घेतात. चालेल का?"

चालणार नव्हतं. आणि हे मी त्यांना एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.